थंडीत लहान मुलांना कपडे घालायचे तरी किती?

भिंगरी
थंडीचा कडाका वाढल्यापासून आमच्याकडे रोज सकाळी एकाच विषयावर जुंपते. धाकटा सात महिन्यांचा, थोरली साडेतीन वर्षांची. धाकट्याचे तळहात-तळपाय बघावं तेव्हा गार. सासूबाई हात लावून बघतात, "लेकरू गारठलंय गं" म्हणतात, की चढला आणखी एक स्वेटर. नवऱ्याचं म्हणणं, गाल बघ कसे लालबुंद झालेत, त्याला उकडतंय. दोघंही तसूभर हलत नाहीत आणि मधे स्वेटर हातात धरून मी. थोरलीची तऱ्हा निराळी. तिला जॅकेट दिसलं रे दिसलं की ती टेबलाखाली.

तर जाणकारांनो, बाळाला थंडी वाजतेय की उकडतंय हे ओळखायचं कसं? रात्री पांघरूण घालायचं की नाही? गाडीतून, बाबागाडीतून नेताना कपड्यांचा हिशेब वेगळा असतो का? नेटवर वाचायला जावं तर एक म्हणतो गुंडाळा, दुसरा म्हणतो गुंडाळू नका. पोस्ट विस्कळीत झालीये, सांभाळून घ्या.

सांजवात
वाचतेय. आमच्या घरातही हेच, फक्त सासूबाईंच्या जागी आई आहे.

स्टेथो
लहान मुलांचा डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर.

हातापायांवरून बाळाची थंडी मोजू नका. तान्ह्या बाळाचं शरीर आधी छाती, पोट आणि डोकं यांची सोय बघतं. त्यासाठी तळहात-तळपायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. म्हणून ते गार लागतात, कधी किंचित निळसरही दिसतात. बाळ नीट दूध पितंय, हसतंखेळतंय आणि अंग उबदार आहे, तर नुसत्या गार तळव्यांची काळजी नको. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर मात्र तडक डॉक्टरकडे, तिथे स्वेटरचा काही संबंध नाही.

हात लावायची जागा म्हणजे मानगूट. आधी स्वतःचे हात चोळून गरम करा, नाहीतर तुमचा गारठा बाळाच्या खात्यावर जमा होईल. मग दोन बोटं कपड्याच्या आतून मानेमागून खाली, दोन खांद्यांच्या मधोमध सरकवा. तिथली कातडी कोमट आणि कोरडी लागली तर कपडे बरोबर आहेत. दमट, चिकट लागली तर एक कपडा उतरवा. गार लागली तर एक चढवा. लाल गालांवरून काहीच ठरत नाही. ते उकाड्याने लाल होतात आणि बोचऱ्या वाऱ्यानेही. म्हणजे तुमच्या घरातल्या दोन्ही पक्षांचा पुरावा कच्चा आहे.

आता बाळाला आपल्यापेक्षा जास्त ऊब का लागते ते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे उष्णता निसटायला जागा जास्त. मोठ्या माणसाचं डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या ९ टक्क्यांच्या आसपास असतं, तान्ह्याचं जवळपास १८ टक्के. शिवाय तान्हं बाळ आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करू शकत नाही. त्याच्या मानेभोवती आणि दोन खांद्यांमध्ये तपकिरी चरबीचा साठा असतो, ती जाळून ते अंग गरम ठेवतं. तेव्हा "कुडकुडत नाहीये, म्हणजे थंडी वाजत नाही" हे तान्ह्यांना लागू नाही. गारठलेलं बाळ रडेलच असंही नाही. उलट गप्प होतं, मलूल पडतं, दूध ओढत नाही, रडलंच तर आवाज क्षीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं. पोट-पाठ गार आणि बाळ मलूल असेल तर कपडे काढून आईच्या किंवा बाबाच्या उघड्या छातीशी धरा, दोघांवर मिळून पांघरूण घ्या आणि दवाखाना गाठा.

किती कपडे याचा ठोकताळा एवढाच: त्याच ठिकाणी शांत बसून आपल्याला जेवढे पुरतात, त्याहून एक थर जास्त. एकच.

टिवल्याबावल्या
म्हणजे सासूबाई हाताला हात लावतात, नवरा गालाकडे बघतो, आणि खटला मानगुटीवर बसून निकाली निघाला. :)

आजीबाई
डॉक्टर, बाकी सगळं पटलं. पण टोपड्याचं काय ते सांगा. टोपडं घातल्याशिवाय बाळ खाली ठेवायचं नाही हे ऐकतच आमच्या पिढीने मुलं वाढवली. आता सुना म्हणतात, झोपवताना टोपडं काढा. दर पंधरा-वीस वर्षांनी शास्त्र कोलांटउडी मारतं का?

स्टेथो
@आजीबाई, शास्त्र तितकं उड्या मारत नाही. टोपडं कधी आणि कुठे, एवढाच फरक आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या तासांत टोपी हवीच, कमी वजनाच्या बाळांना त्यानंतरही. बाहेर थंडीत कान झाकणारी टोपी प्रत्येक बाळाला हवी. पण घरात, उबदार खोलीत, झोपलेल्या बाळाला नको. अंगावर कपडे असताना जास्तीची उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे डोकंच तेवढं उघडं उरतं. शिवाय टोपी सरकून नाकावर येऊ शकते. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंमध्ये बाळ जास्त तापणं हा एक जोखमीचा घटक आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सच्या सुरक्षित झोपेच्या सूचनांमध्येही घरात झोपताना टोपी नको असं स्पष्ट म्हटलेलं आहे, रुग्णालयातल्या सुरुवातीच्या तासांचा अपवाद सोडून.

तुमच्या पिढीचं टोपडं चूक नव्हतं. ज्या घराला दारं-खिडक्यांच्या फटींतून वारा लागायचा त्या घरात ते शहाणपणाचंच होतं.

आजीबाई
बरं. हे सुनेला वाचून दाखवते. शेवटचं वाक्य आधी.

सांजवात
पण डोक्यातून शरीराची ७० टक्के उष्णता जाते ना? म्हणूनच टोपी सगळ्यात महत्त्वाची असं वाचलं होतं.

पाणपोई
@सांजवात, तो आकडा वर्षानुवर्षं फिरतोय, पण खरा नाही. गेल्या शतकाच्या मध्यात सैनिकांवर प्रयोग झाले होते, त्यात अंगावर जाडजूड उबदार पोशाख आणि डोकं उघडं. अर्थातच जी उष्णता गेली ती बहुतेक डोक्यातूनच गेली! डोकं झाकून फक्त पाय उघडे ठेवले असते तर "पायातून ७० टक्के" असं छापून आलं असतं. मोठ्या माणसाच्या डोक्यातून साधारण त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणातच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आगेमागे उष्णता जाते. बाळाचं डोकं प्रमाणाने दुप्पट मोठं, म्हणून बाळाची टोपी आपल्या टोपीपेक्षा महत्त्वाची. पण टोपी घातली म्हणून पाय उघडे ठेवून चालत नाही.

लोकरीचा गुंडा
विणकाम आणि कापड हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लांबण लागणार आहे. घाईत असणाऱ्यांनी पुढे जावं.

स्वेटर ऊब "देत" नाही. ऊब मूल स्वतः तयार करतं, कपडे फक्त ती अडवून धरतात. अडवतात तेही मुख्यतः धाग्यांमध्ये आणि दोन कपड्यांच्या मध्ये कोंडलेल्या हवेच्या जोरावर. हे एकदा ध्यानात आलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे का बरे? मध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो, आणि उकडलं तर एक काढता येतो. स्वेटरावर घट्ट जॅकेट ओढून बसवलं तर मूल गारठतं ते का? हवाच दाबून बाहेर काढली.

दुसरा शत्रू ओल. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. घामाने भिजलेलं सुती बनियन अंगावर ठेवून वरून कितीही जाड कोट चढवा, आत माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याचं काम चालू राहतं. म्हणून अंगालगतच्या कपड्याची निवड सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकं त्याकडेच दुर्लक्ष करून महागडं जॅकेट शोधत बसतात.

अंगालगत मऊ लोकर उत्तम, विशेषतः मेरिनो मेंढीची. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढं बाष्प पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. लोकर टोचत असेल तर पातळ कृत्रिम धाग्याचे थर्मल चालतात, ते घाम बाहेर सारतात आणि पटकन वाळतात. मधल्या थरात लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, म्हणजे मऊ, केसाळ कृत्रिम कापड. फ्लीस हलकं आणि उबदार, पण वारा त्यातून आरपार जातो, म्हणून वर वारा अडवणारं काहीतरी हवंच. पाऊस-बर्फ असेल तर वरचं जॅकेट पाणी अडवणारं. पिसं भरलेली जॅकेटं कोरड्या थंडीत अप्रतिम, पण भिजली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब संपते.

आणि कृत्रिम धागा आगीजवळ वितळून कातडीला चिकटतो. शेगडी, शेकोटी, उघड्या हीटरजवळ फ्लीस घातलेलं मूल फिरकू देऊ नका.

कापूसकोंडा
@लोकरीचा गुंडा, सुती कपड्यांना इतकं झोडपू नका हो. माझ्या मुलीला त्वचेचा त्रास आहे. लोकर लागली की खाजवून खाजवून रक्त काढते. कृत्रिम कापडानेही पुरळ येतं. डॉक्टरांनीच सुती सांगितलंय. मग आमच्यासारख्यांनी काय करावं?

लोकरीचा गुंडा
@कापूसकोंडा, झोडपत नाही! घरात, कोरड्या अंगाने बसलेल्या किंवा झोपलेल्या मुलाला आत मऊ सुती आणि वर लोकर हा चांगलाच पोशाख आहे. सुती कपडा घामाने किंवा बर्फाने भिजला की अडचण होते. तेव्हा तुमच्यासाठी मार्ग असा: आत सुतीच घाला, पातळ आणि अंगाबरोबर बसणारं, आणि बाहेर जाताना पिशवीत एक जास्तीचं ठेवा. धावपळ झाली की पाठीला हात लावून बघा, ओलं लागलं तर आडोशाला जाऊन बदला. मुलं कुरकुरतात, पण दोन मिनिटांचं काम आहे.

खारुताई
गाडीचा प्रश्न कुणीच घेतला नाही अजून, आणि माझ्या मते तो पहिला घ्यायला हवा होता.

फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटमध्ये, म्हणजे गाडीतल्या मुलांच्या पट्टेवाल्या खास आसनात, बसवू नका. पट्टे आवळल्यावर आपल्याला वाटतं घट्ट बसलेत, पण ते जॅकेटमधल्या हवेवर बसलेले असतात. धडक झाली की क्षणार्धात जॅकेट चपटं होतं, पट्टे सैल पडतात आणि मूल त्यातून निसटून पुढे फेकलं जाऊ शकतं. पटत नसेल तर घरीच करून बघा. जॅकेटसकट बसवा, पट्टे नेहमीसारखे आवळा. मग पट्ट्यांना हात न लावता फक्त बक्कल काढून मुलाला उचला, जॅकेट काढा, पुन्हा त्याच पट्ट्यांत बसवा. पट्टा आणि छाती यांच्यात केवढी जागा उरते ते डोळ्यांनी दिसेल.

योग्य पद्धत: पातळ, अंगाबरोबर बसणारे थर घालून मूल बसवायचं, पट्टा आवळायचा, खांद्यापाशी पट्ट्याची चुणी चिमटीत धरता येते का बघायची. येत असेल तर अजून आवळा. त्यानंतर पट्ट्यांच्या *वरून* दुपटं किंवा शाल पायांवर-पोटावर घाला, किंवा जॅकेट उलटं, म्हणजे पाठ पुढे करून हातात घाला. गाडी तापली की ते मूल स्वतःच भिरकावून देतं, तीही सोय झाली. तान्ह्याच्या तोंडाशी मात्र काही येऊ देऊ नका. आणि सीटबरोबर न आलेल्या, बाळाच्या पाठीखाली घालायच्या जाड गाद्या-पिशव्या टाळा, त्यांनीही पट्टे सैल पडतात.

भिंगरी
@खारुताई, हे खरंच माहीत नव्हतं. घरी करून बघितलं. पट्ट्यात माझी अख्खी मूठ गेली. धन्यवाद.

@स्टेथो, मानगुटीचा प्रयोग सासूबाईंनी स्वतः केला. "दमट लागतंय खरं" एवढंच म्हणाल्या आणि स्वेटर काढून घेऊन गेल्या. आता रात्रीचं सांगा ना कुणीतरी. पांघरूण हा लाथेने उडवून देतो.

स्टेथो
उडवून देतो ते बरंच करतो. पहिल्या वर्षात पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, गोधडी, मऊ खेळणी, काहीच नको. पाठीवर झोपवायचं, घट्ट सपाट गादीवर. ऊब अंगावरच्या कपड्यांतून द्यायची: लांब बाह्यांचा, पाय झाकलेला एक कपडा आणि वर बिनबाह्यांची झोपण्याची पिशवी. पिशवीचा गळा आणि बगला मापात हव्यात, बाळ आत घसरता कामा नये. वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेऊ नका.

या पिशव्यांवर टॉग नावाचा आकडा असतो, कापड किती ऊब अडवतं त्याचं ते माप. खोली १६ ते २० अंश असेल तर साधारण २.५ टॉग, २१ ते २३ असेल तर १ टॉग, त्याहून गरम असेल तर ०.५. बाळासाठी १६ ते २० अंशांची खोली चांगली मानतात. मोठ्यांना ती जरा थंडच वाटते आणि तिथेच हीटर वाढवायचा मोह होतो.

दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवायची सवय असेल तर बाळ कुशीवर वळायची लक्षणं दाखवू लागलं की ती बंद. सात महिन्यांच्या बाळाला तर नाहीच. गरम पाण्याची पिशवी, विजेवरची गादी तान्ह्याच्या अंथरुणात ठेवू नका. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

निवांत
बाबा लोकांची हजेरी लावतो. मी धाकटीला बांधून घेऊन फिरतो, समोर छातीशी. यात हिशेब बदलतो. माझं अंग हाच तिचा एक थर. बर्फात घालायचा जाड पोशाख घालून बांधलं तर ती नीट बसत नाही, हनुवटी छातीत रुतते, आणि दोघंही घामाघूम. मी तिला घरातल्यासारखे दोन थर घालतो आणि मोठं जॅकेट आम्हा दोघांवर मिळून घेतो. चेहरा कायम दिसता आणि मोकळा. एक जागा हमखास उघडी पडते: पाय लोंबकळतात तेव्हा विजार वर चढते आणि मोजा खाली, मध्ये पोटरी उघडी. गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे हा त्यावरचा उपाय.

बाबागाडीत उलट. तुम्ही चालताय, मूल बसलंय. तुम्हाला चालून गरम होतं आणि वाटतं हवा छान आहे. तिकडे मूल जागचं हललेलं नसतं. बाबागाडीतल्या मुलाला चालणाऱ्या मुलापेक्षा एक थर जास्तच हवा, बुडाखालीही काहीतरी उबदार हवं. फक्त गाडीच्या तोंडावर जाड शाल टाकून सगळं बंद करू नका. आत हवा कोंडते, तापते आणि बाळ दिसत नाही.

टिवल्याबावल्या
+१. "चालून मला गरम होतंय, म्हणून तुझं जॅकेट काढ" आणि "मला थंडी वाजतेय, म्हणून तू स्वेटर घाल" हे पालकत्वाचे दोन आधारस्तंभ आहेत.

वळचण
मी अशा ठिकाणी मुलं वाढवतेय जिथे हिवाळ्यात पारा महिनोन्महिने शून्याच्या वर येत नाही. तेव्हा हातापायांबद्दल लिहिते, कारण मुलं तिथूनच गारठतात आणि तिथूनच रडायला लागतात.

पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा एक अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेला हातमोजा जास्त उबदार. बोटं एकमेकांना ऊब देतात. शिवाय लहान मुलाची पाच बोटं पाच घरांत घालण्यात जे आयुष्य जातं ते वाचतं. हातमोजे आधी, जॅकेट नंतर, म्हणजे बाही मोज्याच्या वर येते आणि मनगट उघडं पडत नाही. लांब मनगटाचे असतील तर बर्फात खेळताना मात्र मोजा बाहीच्या वर. जास्तीची एक जोडी खिशात हवीच, पहिली भिजणारच.

बुटांत दोन जाड मोजे कोंबणं हा लोकप्रिय पण वाईट उपाय. बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि मधली हवाही जाते, पाय आणखी गार पडतात. एकच लोकरी मोजा आणि आत बोटं हलवता येतील एवढा सैल बूट. मुलाला विचारा, "बोटं नाचव बघू." नाचली तर बूट बरोबर.

आणि वारा. तापमापकावरचा आकडा एक, अंगाला लागणारा दुसरा. तापमान शून्याच्या वर असेल तर वाऱ्याने कातडी गोठत नाही, पण अंगातली ऊब मात्र भराभर जाते. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आतही गोठू शकते. त्या दिवशी आम्ही बाहेर खेळायला सोडतच नाही. एरवी थोड्या थोड्या वेळाने आत बोलावून नाक, कान, गाल, बोटं बघायची. पांढरट, करडी, मेणासारखी दिसली किंवा "काहीच कळत नाही" असं मूल म्हणालं तर तो हिमदंश असू शकतो. चोळायचं नाही, बर्फ तर नाहीच नाही. आत आणून ओले कपडे काढा, कोमट पाण्यात बुडवा, कोपराला सुखद लागेल एवढंच गरम. रंग परत येत नसेल किंवा फोड आले तर डॉक्टर.

मोठं मूल अडखळायला लागलं, बोबडं बोलायला लागलं, पेंगुळलं तर "दमलं असेल" म्हणून सोडून देऊ नका. ती सगळ्या शरीराचं तापमान उतरल्याची लक्षणं आहेत.

दुपटं
एक राहिलं. गळ्याशी नाडी असलेले स्वेटर, टोपीला दोऱ्या, लांब मफलर हे खेळायला जाणाऱ्या मुलांना नकोत. घसरगुंडीच्या फटीत, झोक्याच्या साखळीत, बसच्या दारात अडकून मुलं दगावलेली आहेत. म्हणूनच अमेरिकेत आणि युरोपात मुलांच्या कपड्यांच्या गळ्यातल्या नाड्यांवर निर्बंध आले. मफलरऐवजी डोक्यातून घालायची गळपट्टी घ्या. जुना स्वेटर असेल तर नाडी ओढून काढून टाका आणि चाप-बटण शिवा. हाताने विणणाऱ्या मावशी-आज्यांनीही गोंड्याच्या दोऱ्यांचा मोह आवरावा.

आजीबाई
@दुपटं, रोख कळला. गोंडे काढते.

सांजवात
आणि ताप आला असेल तेव्हा? आई म्हणते घाम आणा, दोन पांघरुणं घाला.

स्टेथो
नको. तापात अंगातली उष्णता बाहेर पडू द्यायची असते. हुडहुडी भरली असेल तेवढा वेळ एक पातळ पांघरूण, ती ओसरली की एका थरावर आणा. खूप गुंडाळलेल्या बाळाचं अंगही गरम लागतं, म्हणून कपडे कमी करून थोड्या वेळाने पुन्हा तापमान बघा. पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि तापमान ३८ किंवा त्याहून जास्त आलं तर वाट बघत बसू नका, त्याच वेळी डॉक्टरांना दाखवा.

भिंगरी
टेबलाखालच्या बाईसाहेबांचं काय करू तेही सांगा. जॅकेट घालताना अख्खी इमारत गोळा होते.

वळचण
जॅकेट जमिनीवर पसरून ठेव, आतली बाजू वर, आणि गळा तिच्या पायांकडे. तिने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि झटक्यात डोक्यावरून मागे टाकायचं. जॅकेट आपोआप अंगात. मुलांना हा प्रकार प्रचंड आवडतो, कारण "मी माझं घातलं."

आणि वाद घालायचा तर जॅकेट घालायचं की नाही यावर घालू नकोस, निळं की पिवळं यावर घाल. तरीही नाही म्हणाली तर जॅकेट हातात घेऊन दाराबाहेर पड. खेळती मुलं आपल्यापेक्षा गरम असतात, दोन मिनिटं गारठ्यात उभं राहिल्याने काही बिघडत नाही. थंडी लागली की स्वतःच मागेल. मात्र हे फक्त शून्याच्या वर आणि कोरड्या हवेत. ओला वारा किंवा हाडं गोठवणारी थंडी असेल तर निवड रंगापुरतीच.

कापूसकोंडा
काही मुलांना खरंच कपडा सहन होत नाही हेही लक्षात घ्या. लेबल टोचतं, मोज्याची शिवण बोटांवर येते, कॉलर गळ्याला घासते. मुलगी जॅकेट नको म्हणत होती, प्रत्यक्षात तिला आतल्या स्वेटरची गुंडाळी झालेली बाही नको होती. आतली बाही मुठीत धरायला सांगा आणि मग वरचं घाला.

निवांत
शेवटचा प्रश्न माझा. बाहेरून येताना धाकटी हमखास झोपते. टोपी, जाड पोशाख, सगळं अंगावर. झोपू द्यावं की काढावं? काढलं की उठते, आणि उठली की पुढचे दोन तास आमचे नाहीत.

स्टेथो
काढा. घरात, तापलेल्या गाडीत, बसमध्ये, दुकानात शिरलात की टोपी आणि बाहेरचा थर लगेच काढायचा, बाळ उठलं तरी. बाहेरच्या थंडीचे कपडे आतल्या उबेत फार लवकर जास्त होतात आणि झोपलेलं बाळ सांगू शकत नाही. पुढून पूर्ण उघडणारी चेन असलेला पोशाख घेतलात तर हात न हलवता बराचसा मोकळा करता येतो.

लोकरीचा गुंडा
@निवांत, दोन पायांपर्यंत दोन चेन असलेले मिळतात, ते शोधा. एका चेनवाल्यात दुसरा पाय काढताना बाळ उठतंच.